किट्टूचा मराठी कॉम्प्युटर

किट्टू, तुझा कॉम्प्युटर चालू आहे आणि तू नाहीस. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. कुणीतरी नावांची अदलाबदल केली असावी असं अजून वाटतं. 'आता याचे दिवस भरले' असं जाहीर झालं होतं ते कॉम्प्युटरबद्दल. तुझे तर सगळे रिपोर्ट चांगले आले होते. ते कागद माझ्या नाकासमोर नाचवून तू म्हणाला होतास, "बघ अक्का, साखर नाही, प्रेशर नाही. तूं आपलं जप. मी तुला पोंचवूनच येतों." असं बोलून झाल्यावर धाकट्या भावानं असं वागू नये.

मला रडू आलेलं नाही. तुझ्या राधाला वाटतं मी घट्ट आहे. घट्ट कसली, मला अजून कळलेलंच नाही. तेराव्याला मी पंगतीत वाढत होते म्हणे. रसमच्या वाट्यांमध्ये मी गोड पायसम ओतत गेले आणि लोक काही न बोलता ते प्याले. मला हे नंतर तुझ्या लेकीनं, वसूनं सांगितलं. राग मात्र येतो. आणि राग आला की दोन गल्ल्या ओलांडून तुझ्याकडे भांडायला यायची सवय, तर तिथे तू नाहीस.

त्या दिवशी सकाळी राधाचा फोन आला. "अक्का, या. हे उठेनात." मला वाटलं, उपाशीपोटी ऊन डोक्यावर घेऊन, कॅमेरा गळ्यात अडकवून पाखरांमागे गेला असशील, चक्कर आली असेल. मी शांतपणे दार लावलं, कुलूप ओढून पाहिलं, फळीवरचं ग्लुकोजचं पाकीट घेतलं आणि निघाले. वाटेत फूलवाल्या बाईशी बोलले सुद्धा. आले तर तू खिडकीपाशी तुझ्या खुर्चीत, मान छातीवर, समोर दबऱ्याच्या वाटीत कॉफीवर साय धरलेली. शेजारचे डॉक्टर उठून उभे राहिले होते आणि कुणाकडेच बघत नव्हते. मी ते ग्लुकोजचं पाकीट हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी राधानंच ते माझ्या हातातून काढून घेतलं.

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, देवनागरीत, आणि त्यातही एक विनोद आहे. आपल्या घरात हे वाचणार कोण? तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्ल्यांमध्ये आपण शेकडो वर्षं मराठी बोलतो आहोत, पण लिहायची वेळ आली की हात तमिळकडे वळतो. राधाला अक्षर ओळखता येत नाही. तुझी वसू मराठी बोलते, मध्येमध्ये इंग्रजी घालून, पण अक्षर तिलाही येत नाही. मी तेवढी लग्न होऊन पुण्याला गेले, तिथे अक्षरं गिरवली, परीक्षा दिल्या आणि चक्क शाळेत मराठी शिकवली. पुण्यात मला मद्रासी म्हणायचे. तुझे भावजी गेले, मी तंजावूरला परतले, तर इथे मी पुणेकरीण झाले. राहता राहिलास तू. तू अक्षराला अक्षर लावून, अडखळत वाचायचास. निदान मला तरी असंच वाटत होतं.

त्या कॉम्प्युटरची गोष्ट तुलाच काय सांगायची, पण सांगते. सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही.

तुझं विंडोज उघडलं की पडद्यावर एक पाटी यायला लागली. या विंडोजची देखभाल आता बंद, नवं विंडोज या मशीनवर चालणार नाही, नवीन मशीन घ्या. तू नुकताच विजेच्या ऑफिसातून निवृत्त झाला होतास, तुला ते फार लागलं. "मला पण असंच केले, अक्का. चालतों, बघतों, खांबावर चढ म्हटले तर चढतों, तरी वय झालं म्हणून माळ घालून घरी पाठवले. आतां याला पण माळ घालूं काय?" राधानं देवाच्या फोटोवरून काढलेला सुकलेला हार खरोखर तुझ्या मॉनिटरला अडकवला होता. तेव्हा आपण किती हसलो होतो. 

मग वसूनं बेंगळुरूहून फोनवर सांगितलं, विंडोजऐवजी लिनक्स म्हणून एक आहे, फुकट मिळतं, जुन्या मशीनवर छान चालतं. मी म्हटलं, फुकट मिळतं त्यात काहीतरी गोम असणार. तू ऐकतोस कशाला. पेनड्राइव्हवर ते उतरवून घेतलंस. आधीचं काही न पुसता नुसतं चालवून बघायची सोय होती, तशी दोन-चार दिवस चव घेतलीस, आणि एका सकाळी विंडोज पुसून टाकलंस. काय लागत होतं तुला कॉम्प्युटरवर? पाखरांचे फोटो कापायचे, उजळायचे, बाबांच्या वेळची गाणी ऐकायची, दुपारी मशीनशी बुद्धिबळ खेळून हरायचं. तेवढ्यासाठी कोण मरायला नवीन मशीन घेणार, असं तूच म्हणाला होतास.

आणि तिथे तू तो घोटाळा केलास. पहिलाच प्रश्न आला, भाषा कुठली? इंग्रजी समोर होती. तमिळ होती, जी तू पेपरासारखी घडाघडा वाचतोस. पण यादी खाली नेता नेता तुला 'मराठी' दिसलं. हा शब्द तुला नजरेनं ठाऊक होता. लहानपणी बाबा आपल्याला मोठ्या देवळात नेऊन भिंतीवर कोरलेला मराठी लेख दाखवायचे आणि एकेका अक्षरावर बोट ठेवायला लावायचे, मोबदल्यात सुंडलच्या चण्यांची पुडी. तू बटण दाबलंस आणि मला फोन केलास. "अक्का, जगांतल्या एवढ्या भाषांमध्ये आपली पण आहे की ग! मी दाबलों!" तुझा आवाज एवढा वर गेला होता की मला वाटलं वसूचं लग्न ठरलं. आणि अर्ध्या तासात दुसरा फोन, जरा खालच्या आवाजात. "अक्का, येतेस? एथ काय लिवलंय मला कळना."

अरे, पुण्यात मी चाळीस वर्षं काढली. तिथे कुणाचाही कॉम्प्युटर मी मराठीत पाहिला नाही. मराठी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींचेही इंग्रजीतच होते. हा वेडेपणा करायला माणूस महाराष्ट्रापासून इतक्या पिढ्या लांब राहिलेला असावा लागतो. तिथल्यांना त्याचं अप्रूप नाही आणि तुला त्याचं वाचन नाही.

तर असं आपलं सुरू झालं. संध्याकाळी चार वाजून गेले की फोन. "अक्का, ये. काय की विचारतंय." मी यायची, राधा कॉफी आणायची, मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून पडद्यावरचं वाचायची आणि तू माउस फिरवायचास. माउसला मी हात लावायची नाही, तो माझ्या हातात सशासारखा पळतो. मी वाचणार, तू दाबणार, असा आपला कारभार. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, कारण भाषांतर करणाऱ्यांनी मध्येच कंटाळा केलेला. तू म्हणालास, "हे तर आमच्या घरांत बोलतात तसंच की." 'रद्द करा' म्हणजे काय ते मी समजावायला लागले, तर तू कपाळावर हात मारलास. "रत्तु! गाडी रत्तु झाली म्हणतात तेच!" तमिळमधून तुला मराठी कळत होती. आणि एक दिवस फोटो पुसताना मी 'कचरापेटी' वाचलं तेव्हा तू खुर्चीतून उठलास. "माझ्या बगळ्याला कुप्पैतोट्टींत घातलों काय मी? काढ ग, काढ त्याला!" त्याला बाहेर काढल्यावरच तू कॉफी प्यालास.

'जतन करा' आलं तेव्हा मात्र दोघांनाही अम्मा आठवली. अम्मा आपल्याला शाळेत पाठवताना दारातून ओरडायची, "जतन रे, जतन ग." सांभाळून जा म्हणून. पुण्यात हा शब्द असा कुणी वापरत नाही, मीही विसरले होते. त्यानंतर रोज निघताना तू मला तिण्णेवर, दारापुढच्या ओट्यावर, उभा राहून म्हणायचास, "जतन, अक्का." मी म्हणायची, दोन गल्ल्या तर जायचंय.

भांडणं काय कमी झाली? फोटो कापायचा तुझा जुना प्रोग्राम लिनक्सवर चालेना. तू दोन दिवस तोंड फुगवून बसलास, मी मनातल्या मनात जिंकले. मग तू दुसरा प्रोग्राम शोधलास, आपण त्यातला शब्दन् शब्द वाचून काढला, आणि तुझे बगळे पूर्वीपेक्षा देखणे दिसायला लागले. मी हरले. मी रोज म्हणायची, ते इंग्रजी करून टाक, उद्यापासून मी येणार नाही. तू रोज म्हणायचास, "कसं करतात की, मला येत नाही." आणि मी रोज यायची.

शेवटची संध्याकाळही तशीच. तुला पोंगलसाठी कॅलेंडर छापायचं होतं, प्रत्येक महिन्याला एक पक्षी, आणि सगळ्या नातेवाइकांना एकेक प्रत. कालव्याच्या कडेला शेतातल्या चिखलात उभा असलेला तो पक्षी तू पहिल्या पानावर घेतला होतास, ज्याची चोच मिटली तरी मधून उघडीच राहते. शंख-गोगलगायी खातो तो. तमिळमध्ये त्याचं नाव नत्तै कुत्ति नारै, म्हणजे गोगलगाय टोचणारा. मी म्हटलं, मराठीत त्याला मुग्धबलाक म्हणतात, तेच लिही. तू म्हणालास, "असं कोण बोलतं, अक्का? त्या पाखराला तरी कळंल काय?" मी म्हटलं, कॅलेंडर पाखराला वाचायचंय का? त्यात प्रिंटर चालेना. दिवा लागायचा, विझायचा, पान येत नव्हतं. मी माझी आवडती टेप लावली. विंडोज असतं तर एव्हाना छापून, वाटून झालं असतं, फुकटचं ते असंच. तू वर न बघता म्हणालास, "लिनक्सचा दोष नाही ग, दुसरं काय की आहे. उद्यां बघतों." मी उठले. तू दारापर्यंत आलास की नाही, हेच मला आठवत नाही. 'जतन' म्हणालास का? मी सारखी आठवून बघते, आणि तिथे नुसता प्रिंटरचा दिवा दिसतो.

आता तू नसतानाचं सांगते.

तेरावं झाल्यावर वसू परत जायच्या तयारीला लागली. तिची रजा संपली होती. ती म्हणाली, फोटो तेवढे काढून घेते आणि हा कॉम्प्युटर देऊन टाकते, जुन्या वस्तूवाला सकाळी येतोय. अम्माला टॅब घेऊन देईन.  राधा त्या दिवसांत कशातच नव्हती, ताटात पडेल ते खायची नाहीतर तसंच सोडायची. मीही म्हटलं, बरोबर आहे. कुणाला लागणार आहे तो आता? असं म्हटलं खरं, आणि लगेच घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळचे चार वाजून गेल्यावर मी करणार काय, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. राधाकडे मी रोज काय म्हणून जाणार? सांत्वनाला? तिला माझं सांत्वन नको होतं आणि मला ते करता येत नव्हतं.

वसू तुझ्या खुर्चीत बसली. मला ते बघवेना, म्हणून मी पडद्याकडे बघितलं. तिला अक्षर कळेना. "अत्या, एथ काय आहे? छे, थांबा. मी इंग्लिशच करते, टू मिनिट्स."

"होतं ते?" मी विचारलं. "किट्टूला येत नव्हतं."

ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. "अप्पाला? अत्या, पहिल्याच आठवड्यांत मी फोनवर सांगितले. त्यांनी केले पण. सगळं इंग्लिश झालं. मग परत मराठी करून घेतले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, त्याला वाचता येत नव्हतं ग, मी वाचून दाखवायची.

"यायचं की. प्रिंटरसाठी मला फोन केले तेव्हां सगळं मराठी धडाधडा वाचून दाखवले. मला अर्थ कळेना, तो पण अप्पाच सांगायचे."  आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं असावं. तुझ्यासारखेच तिचे कान लाल होतात.

मी राधाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. किती दिवसांनी ती माझ्याकडे बघून असं सरळ बोलली. "मला माहीत होतं, अक्का. मी विचारले त्यांना, कशाला त्या बिचारीला उन्हांतून बोलावता? तर म्हणाले, भावजी गेल्यापासून अक्का घरांतच बसून राहते. ये म्हटलं तर येणार नाही. काम आहे म्हटलं की येते. हे इंग्रजी केलों तर ती येणार नाही."

  किट्टू, वर्षाहून जास्त. अरे, वर्षाहून जास्त तू माझ्यासमोर अडखळलास. त्याच त्या शब्दांवर थांबलास, डोकं खाजवलंस, आणि मी शाळेतल्या ढ मुलाला सांगावं तसं तुला 'संयोजना' म्हणजे सेटिंग हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी तीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे, येत असून येत नाही म्हणणारं पोर मला मागच्या बाकावरून कळतं. तू माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला होतास आणि मला कळलं नाही. तू एवढा चांगला नट कधी झालास? लहानपणी तर चोरून खाल्लेला लाडू तुझ्या तोंडावर दिसायचा.

मी तुझी शिकवणी घेत होते म्हणून मी मनातून फार खूश होते. पुण्यात मुलांना मराठी नको असायची, इथे एक म्हातारा विद्यार्थी रोज बोलावत होता. तुझे भावजी गेल्यावर मी सकाळी उठून दात घासायचाही कंटाळा करायची. मग मी दुपारी साडी बदलायला लागले, कारण चार वाजता किट्टूकडे जायचं असायचं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. तुला सांगायची गरज नव्हती, हे आता कळतंय. तुझे उपकार मी कुणापाशी मानू? समोर असतास तर आधी एक चापट मारली असती.

वसूनं परत विचारलं, "मग इंग्लिश करूं? का देऊनच टाकूं? तो माणूस सकाळी येणार."

"काही करू नकोस," मी म्हटलं. "राहू दे. आहे तसा."

"पण वापरणार कोण, अत्या? अम्माला वाचतां येत नाही. तुम्हाला माउस धरतां येत नाही."

 पोरीचं चुकत नव्हतं. मी राधाकडे बघितलं आणि राधानं माझ्याकडे. मग राधा म्हणाली, "राहूं दे म्हणाल्या ना. राहूं दे." तुझ्या घरात त्या आवाजाला कुणी उलटून बोलत नाही, हे तुला माहीतच आहे. वसूनं जुन्या वस्तूवाल्याला नको म्हणून कळवलं. फोटोंची एक प्रत तिनं घेतली, मी वाचलं आणि तिनं दाबलं. जायच्या आधी ती बाजारातून प्रिंटरची नवी वायर घेऊन आली. टेबलामागे वाकून बघितलं तेव्हा जुनी वायर तिला मधोमध उंदरानं कुरतडलेली सापडली होती. "अम्मा, कोण तरी आलं की ही जोडून बघ. नाही चाललं तर टाकून दे," म्हणाली आणि बसला धावली.

ऐकलंस का? वायर होती. लिनक्सचा दोष नव्हता. तू बरोबर होतास, आणि हे मी तुला तोंडावर सांगू शकत नाही याचा मला भयंकर संताप येतोय. आयुष्यात एकदा कबूल करायची माझी तयारी झाली तर ऐकायला तू नाहीस.

वसू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरीच होते. चार वाजून गेले. मी साडी बदलली नव्हती. खिडकीत बसून समोरच्या घरात वाळत घातलेली कुरडयांसारखी वडामं बघत होते. जावं का? काय म्हणून? एवढ्यात फोन वाजला. फोनवर नाव तुझं. मी ते दोनदा वाचलं. राधा तुझा फोन वापरते आहे.

"अक्का, येता? ती वायर मी जोडले. एथ काय की आलंय, मला वाचतां येत नाही."

मी साडी बदलली. कुलूप ओढून पाहिलं. आले तर राधा तुझ्या खुर्चीच्या मागे उभी होती, खुर्ची तशीच रिकामी. कॉफी टेबलावर, दोनच पेले. पडद्यावर एक छोटी चौकट आली होती. मी स्टुलावरून वाचलं, "प्रिंटर थांबवला आहे. पुन्हा सुरू करायचा?" खाली दोन बटणं, रद्द आणि पुन्हा सुरू करा. मी वाचलं आणि सवयीनं वाट बघत राहिले. कुणी दाबेना. राधा म्हणाली, "तुम्हीच दाबा." मग मी तुझ्या खुर्चीत बसले, किट्टू. दोन्ही हातांनी तो माउस धरला, बाण पार कोपऱ्यात गेला, परत आणला, आणि दाबलं.

टेबलावर घरघर सुरू झाली. राधा किंचाळली, मीही. कुणी काही छापायला सांगितलं नव्हतं आणि कागद आत ओढला जात होता. पान बाहेर आलं. चिखलात उभा असलेला तुझा तो पक्षी, चोच उघडी, पायाखाली पाण्यात त्याचं बिंब. आणि खाली, मोठ्या अक्षरात, देवनागरीत, मुग्धबलाक. तू माझंच नाव घातलं होतंस. माझ्याशी भांडून, मी निघून गेल्यावर, स्वतः टाइप करून. हरलास आणि सांगितलंसुद्धा नाहीस.

मी पान हातात घेते न घेते तोवर दुसरं यायला लागलं. तेच. मुग्धबलाक. मग तिसरं. राधानं तोंडावर पदर धरला. "तुम्ही गेल्यावर हे बसले होते की, टक टक टक टक. पान येईना म्हणून चिडून दाबतच राहिले." ते सगळं मशीननं धरून ठेवलं होतं, इतके दिवस. वसूनं देऊन टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. किती वेळा दाबलं होतंस रे? एकामागून एक तोच पक्षी येत राहिला, टेबलावरून जमिनीवर पडत राहिला, आणि राधा हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिथेच खाली बसली, पानांमध्ये, आणि मला तेव्हा रडू आलं. आलं ते थांबेना. पुण्याची शिस्त कुठल्या कुठे गेली, मी अम्मासारखी मोठ्यानं रडले आणि प्रिंटर आपला छापत होता.

मग घरघर थांबली. पडद्यावर नवीन चौकट आली.

राधानं खालूनच विचारलं, "आतां काय लिवलंय, अक्का?"

मी चष्मा पुसला आणि वाचलं. "कागद संपलाय. अजून छापायचं बाकी आहे."

राधा डोळे पुसत उठली आणि कपाटातून कागद काढायला गेली.